टाकळ्याला औषध मारण्याआधी माळाची माती उकरून बघा

पाऊस नीट लागला की दरवर्षी मला एकच प्रश्न येतो: "ताई, माळ सगळा टाकळ्याने भरलाय, कुठलं औषध मारू?" आमची गोराईला खाडीकडे उतरत जाणारी जमीन आहे. खाली भाताचे तुकडे, वर मुरमाड वरकस, म्हणजे उतारावरची हलकी जमीन, आणि त्या वरकसावर आमच्या गाई आणि शेळ्या चरतात. मुंबईच्या हद्दीत अजून चराईचा माळ आहे हे ऐकून बोरिवलीच्या लोकांनाही नवल वाटतं. पण गोराई-मनोरीला, आरेतल्या पाड्यांवर गुरं आहेत, आणि त्यांना खायला गवत लागतं. ज्यांच्या दावणीला जनावर आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. औषधाचं नाव मी सांगत नाही. फावडं घ्या म्हणून सांगते.

टाकळा, म्हणजे पावसाळ्यात उगवणारं पिवळ्या फुलांचं तण, का माजतो ते आधी समजून घ्या. गुरं त्याला तोंड लावत नाहीत. जूनमध्ये गवताचे कोंब वर आले की गुरं तेच खुडतात, टाकळा तसाच राहतो आणि त्याला ऊन, पाणी, जागा सगळं मोकळं मिळतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेंगा तडकतात. बी कडक सालीचं, मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं, आणि जिथे जमीन उघडी पडते तिथे उगवतं. मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत २००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. उघड्या जमिनीवर त्याचे थेंब आदळून वरची माती लिंपल्यासारखी बंद होते, पाणी आत न जाता खाडीकडे धावतं, आणि बारीक गवताच्या बियाला रुजायला जागाच उरत नाही. टाकळ्याचं मूळ सोट, जाड, म्हणून तो तरी तग धरतो. औषध मारून तो मेला तरी जमीन उघडीच राहणार, आणि पुढच्या जूनला तो परत येणार. शिवाय २,४-डी सारखी तणनाशकं रुंद पानाचं सगळंच मारतात, म्हणजे गवतात आलेली रानटी द्विदल झाडंही जातात, आणि दुभत्या जनावराला तीच हवी असतात.

खड्डा तीन ठिकाणी खणा

पहिल्या चांगल्या सरी होऊन ओल वीतभर खाली गेली की खणायला घ्या. एक खड्डा तण दाट आहे तिथे, दुसरा गवत बरं आहे तिथे, आणि तिसरा कुंपणाच्या अगदी कडेला, जिथे गुरांचा पाय पडत नाही. हा तिसरा खड्डा चुकवू नका. फूटभर खोल खणून एका बाजूने मातीचं ढेकूळ सबंध उचला आणि हातात घेऊन हळूच फोडा.

आमच्या माळावर टाकळा दाट होता तिथलं ढेकूळ असं निघालं: वर दोन बोटं भुसभुशीत माती, त्याखाली चार बोटांचा घट्ट थर, जो आडव्या चपट्या वड्यांसारखा सुटत होता. हरळीची सगळी मुळं वरच्या दोन बोटांतच गुंतलेली. टाकळ्याचं सोटमूळ सरळ खाली जाऊन त्या थराला लागलं होतं आणि तिथून काटकोनात वळून आडवं गेलं होतं. कुंपणाखालची माती दाबली तर रव्यासारखी मोकळी झाली, गवताची मुळं खड्ड्याच्या तळापर्यंत उतरलेली, आणि एका ढेकळात गांडुळांची तीन-चार बिळं. दोन्ही खड्ड्यांमध्ये अंतर काही पावलांचं. मुरूम तोच, पाऊस तोच. फरक फक्त ओल्या जमिनीवर पडलेल्या खुरांचा.

पाणी किती मुरतं तेही याच वेळी बघा. तेलाच्या पत्र्याच्या डब्याचा तळ कापा, डबा दोन बोटं जमिनीत दाबा आणि त्यात लिटरभर पाणी ओता. तिन्ही जागी करा आणि वेळ ताडून बघा. घट्ट जागी पाणी नुसतं उभं राहतं, आणि तिथेच तण असतं.

प्रयोगशाळेत तपासायला द्यायचा मातीचा नमुना मात्र मे महिन्यातच, पावसाआधी घ्यावा. माळावर नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्हीच्या आकाराचा, वीतभर खोल खड्डा करून कडेची माती तासून घ्या, घमेल्यात एकत्र करा, त्यातली अर्धा किलो सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा. खताच्या रिकाम्या गोणीत कधी भरू नका, अहवाल चुकतो. सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल ते) आणि सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्याशेणाचा मातीतला अंश) हे दोन आकडे आपल्या कामाचे. कोकणातल्या पावसाने मातीतला चुना धुपून जातो, म्हणून इथली माती बहुधा आम्लधर्मी निघते. पण अंदाजाने चुना टाकू नका. मुंबईत रिकाम्या जमिनीवर डेब्रिज टाकायची वाईट खोड आहे, आणि सिमेंटच्या राडारोड्याने तेवढ्याच तुकड्याचा सामू वर चढलेला असतो. असा तुकडा असेल तर त्याचा नमुना वेगळा द्या. गाजर गवताची सुरुवात बहुतेक अशाच जागी होते. खाजणाच्या कडेची खारट पट्टी यात धरूच नका, तिचं गणित निराळं, आणि खारफुटीला तर हात लावायचाच नाही.

पावसाचा पहिला महिना गुरं आत नकोत

एवढी एकच गोष्ट केलीत तरी माळ सुधारायला लागतो, आणि लोकांना नेमकी हीच अवघड वाटते. उन्हाळाभर पेंढा खाऊन कंटाळलेली गाय हिरवं दिसलं की दावं ताणते, आपलाही जीव राहत नाही. पण त्या दिवसांत गवत मुळात साठवलेल्या शिदोरीवर पानं फोडत असतं. तेव्हाच ते खुडलं गेलं तर मूळ मरतं. जमीनही तेव्हा लोण्यासारखी मऊ असते, एकेक खूर तिला दाबून बसवतो. म्हणून भाताचा पेंढा जुलैच्या मध्यापर्यंत पुरेल एवढा आधीच राखून ठेवा, आणि हिरवं हवं तर बांधावरचं कापून गोठ्यात घाला.

त्यानंतर माळाचे तुकडे पाडा. बांबू आणि नायलॉनची दोरी पुरते. शेळ्यांना खुंट्याला बांधून जागा बदलत गेलात तरी चालतं. गवत गुडघ्याला लागलं की गुरं आत सोडायची, घोट्याच्या वर थोडं राहिलं असताना बाहेर काढायची. पान शिल्लक राहिलं तर मूळ जिवंत राहतं, आणि त्या पानाची सावली टाकळ्याच्या नव्या कोंबावर पडते. पावसात तोच तुकडा साधारण महिन्याने परत भरतो. ऑक्टोबरनंतर वाढ जवळपास थांबते, तेव्हा तारखा मोजत बसू नका, गवताकडे बघा. जोराची झड लागली असेल त्या दिवशी गुरं गोठ्यातच ठेवा.

तेवढ्या काळात टाकळ्याचं काय करायचं? जूनमध्ये कोवळा असताना भाजीला खुडा. आमच्या पाड्यातल्या बायका तो खाडी ओलांडून बोरिवलीच्या बाजारात विकतात, आणि पावसाळ्यात त्याला गिऱ्हाईक असतं. उरलेला टाकळा पिवळी फुलं दिसताच कापा. शेंग भरू देऊ नका, या कामाला दुसरी वेळ नाही. कापलेला पाला तिथेच उघड्या जागेवर अंथरा, म्हणजे पावसाचा मार जमिनीला बसत नाही. टाकळा शेंगवर्गीय आहे म्हणून तो जमिनीला नत्र देतो असं काही जण म्हणतात. उपटून मुळं बघा, भुईमुगाच्या मुळांवर असतात तशा गाठी त्याच्यावर दिसणार नाहीत. पाला कुजून जे मिळेल तेवढंच.

गाजर गवताशी वेगळं वागावं लागतं. एका झाडाला हजारो बिया येतात, आणि ते हाताला लागून खाज, पुरळ, दम्याचा त्रास होतो. हातमोजे घालून, तोंडाला फडकं बांधून, जमीन ओली असताना फुलं येण्याआधी मुळासकट उपटा. गाईच्या पोटात गेलं तर दुधाला कडवट वास येतो. पानांवर पांढुरके, काळ्या नागमोडी रेघांचे छोटे भुंगे दिसले तर ते झाड राहू द्या. हा मेक्सिकन भुंगा १९८० च्या दशकात आपल्याकडे मुद्दाम आणून सोडला आहे, तो आणि त्याच्या अळ्या गाजर गवताचीच पानं खातात.

घाणेरी (लँटाना) नुसती कापली तर दुप्पट फुटते. बुंध्याभोवतीची माती सारून जमिनीखाली तीन-चार बोटांवर मूळ तोडा आणि झुडूप उलटं करून वाळवा. ती जनावराला विषारी आहे, यकृत बिघडवते, म्हणून तोडलेला पाला शेळ्यांपुढे पडू देऊ नका. तोडलेल्या जागी त्याच आठवड्यात गवताचे ठोंब लावा, रिकामी जागा ठेवलीत तर बिया परत रुजतात.

शेण, आणि त्यातली बी

तबेल्याचं शेण आपल्याकडे मिळायला सोपं. पण ताजं शेण माळावर पसरलंत तर चाऱ्यातून आलेलं तणाचं बीही पसरतं. सुक्या पाल्याचे थर देऊन ढीग रचा, ओल धरून ठेवा, पावसात वरून ताडपत्री घाला. लोखंडी सळई ढिगाच्या पोटात खुपसून थोड्या वेळाने काढा. हातात धरवत नसेल इतकी तापली असेल तर बी मरतंय. ढीग निवला की उलथा, कडेचा भाग आत घ्या, परत तापू द्या. नंतर हे खत उघड्या, घट्ट जागांवर पातळ पसरा.

माळावर पडलेली शेणाची पो पावसाळ्यात एकदा उचलून बघा. खाली करंगळी जाईल एवढी भोकं दिसली तर शेणकिडे कामाला लागलेत. ते शेण बिळात ओढून नेतात आणि त्याच बिळांतून पाणी आत उतरतं, घट्ट थर फोडायला याहून स्वस्त मजूर मिळत नाही. जंतांसाठी आयव्हरमेक्टिन दिलं असेल तर त्याचा अंश शेणातून बाहेर पडतो आणि शेणकिड्यांच्या अळ्या मरतात. डॉक्टरांना विचारा, गरज असेल तेव्हाच द्या, आणि ते जनावर काही दिवस गोठ्यातच बांधा.

वणवा लावू नका. राब भाजणं वेगळं, ते भाताच्या रोपवाटिकेपुरतं असतं. सबंध माळ जाळलात तर जमिनीवरचं पांघरूण जातं आणि पहिला पाऊस उघड्या मातीवर पडतो.

पहिल्या वर्षी तण कमी दिसेल अशी आशा धरू नका, विश्रांती मिळाल्यावर तेही जोमाने येतं. बघायचं ते दोन झाडांमधली मोकळी माती कमी होतेय का. ऑक्टोबरात माळावरून चाला आणि जिथे जमीन उघडी दिसेल तिथे बांबूच्या खुंट्या ठोका. मग कुंपणाच्या कडेला आपोआप वाढलेल्या गवताचं पिकलेलं बी मुठीने ओरबाडून घ्या. खोल मातीत मारवेल चांगलं, मुरमाडावर पवना. कुसळी टाळा, तिची कुसं शेळ्यांच्या अंगात घुसतात. बी सुकवून कापडी पिशवीत टांगा, आणि जूनमध्ये कोरड्या मातीत कालवून खुंट्या असलेल्या जागी वरच्या वर टाका, वर खताचा हलका हात द्या. खोल पुरू नका.