बातमी हॉलमध्ये नको, वर्गात सांगा: विद्यार्थी आत्महत्येने गेल्यावर शाळेने काय करावे

शाळेच्या फळ्यावर सूचना लागण्याआधी बातमी बालरथात, म्हणजे गोव्यातल्या शाळेच्या बसमध्ये, पोचलेली असते. ड्रायव्हरला ती वाड्यावर कळलेली असते, मागच्या बाकांवर रात्रीचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश फिरत असतो आणि गेटवर उतरेपर्यंत मुलांनी कारण, जागा आणि दोषी माणूस ठरवूनही टाकलेला असतो. हे बोलणे शाळेला थांबवता येत नाही. पण पहिल्याच तासाला प्रत्येक वर्गात ओळखीच्या शिक्षकाने खरी आणि मोजकी माहिती दिली, तर अफवेला जागा कमी उरते. बाकीची कामे महत्त्वाची आहेत, पण ती या एका कामाच्या मागून येतात.

इतके काटेकोर राहण्याचे कारण आहे. डेव्हिड फिलिप्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये दाखवले की गाजलेल्या आत्महत्यांच्या बातम्यांनंतर असे मृत्यू वाढतात. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम किशोरवयात सगळ्यांत ठळक दिसला. म्हणजे एक मूल गेल्यावर शाळेपुढे दोन कामे असतात: गेलेल्याचा शोक करणे आणि राहिलेल्यांना सांभाळणे. या दोन्हींत ओढाताण झाली तर राहिलेल्यांचे पारडे जड धरा.

शाळा उघडण्यापूर्वी

बातमीची खात्री घरच्यांकडून किंवा पोलिसांकडून करा, पालकांच्या ग्रुपवरून नको. अनैसर्गिक मृत्यूत पोलिसांना चौकशी करावीच लागते (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४) आणि शवचिकित्साही होते. त्यामुळे पहिल्या दिवशी कारण अधिकृतपणे ठरलेले नसणे हेच नेहमीचे. तोवर शाळेचे वाक्य एवढेच: ‘आपला विद्यार्थी गेला, कारण पोलीस पाहत आहेत.’

घरी दोघांनीच जावे, मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक. व्यवस्थापनाची पाच-सहा माणसे गाडी भरून गेली की घरच्यांना तो पंचनामाच वाटतो. तीन गोष्टी विचारा: वर्गात काय सांगितलेले चालेल, अंत्यविधी कधी आणि मुले आलेली चालतील का, भावंडे कुठल्या शाळेत आहेत. घरचे म्हणाले, ‘आत्महत्या हा शब्द नको’, तर त्या मुलाच्या मृत्यूबद्दल बोलताना तो उच्चारू नका, पण अपघात किंवा आजारपण असे खोटेही सांगू नका. ‘घरच्यांनी कारण सांगू नये अशी विनंती केली आहे’ हे वाक्य खरेही आहे आणि पुरेसेही. त्यानंतर आत्महत्या या विषयावर सर्वसाधारण बोलायला हरकत नाही. मुले त्यावर बोलत असतातच.

त्याच रात्री ऑफिसमधल्या एकाने कॉम्प्युटरवर बसून त्या मुलाच्या नावावरचे सगळे आपोआप जाणारे संदेश बंद करावेत: गैरहजेरीचा एसएमएस, फीची आठवण, कमी गुणांची सूचना. हे काम हमखास राहून जाते. मग दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ‘आपला पाल्य आज अनुपस्थित आहे’ असा संदेश आईच्या फोनवर येऊन पडतो. दुसरी अशीच चूक हजेरीची. सवयीने नावे घेत शिक्षक त्या नावापर्यंत येतात आणि वर्ग गोठतो. त्या दिवशी हजेरी मोजून मांडा. रोल नंबर मात्र वर्षभर रिकामा ठेवा, लगेच दुसऱ्याला देऊ नका.

घंटेच्या पाऊण तास आधी सगळ्या कर्मचाऱ्यांची बैठक घ्या. सगळे म्हणजे फक्त शिक्षक नव्हेत. शिपाई, बालरथाचे ड्रायव्हर आणि मदतनीस, माध्यान्ह आहार आणणाऱ्या बचत गटाच्या बायका, खेळाचे सर हे सगळे आलेच. मुले पहिला प्रश्न बहुधा यांनाच विचारतात. काय सांगायचे ते छापील कागदावर द्या. ज्या शिक्षकाला ते वाचून दाखवणे जमणार नाही त्याच्या वर्गात दुसऱ्याला पाठवा. ज्याने आदल्या दिवशी त्या मुलाला ओरडले होते, त्याला त्या दिवशी एकटे सोडू नका. त्या माणसाच्या मनात काय चालले असेल ते कोणी विचारत नाही.

पहिला तास

सगळ्या शाळेला हॉलमध्ये किंवा मैदानावर जमवून बातमी सांगू नका. पाचशे मुलांत एक रडू लागले की शंभर रडतात, आणि ज्याची खरोखर काळजी करायला हवी ते मूल त्या गर्दीत कोणाला दिसत नाही. एकाच तासाला सगळ्या वर्गांत वाचा. त्या मुलाच्या वर्गात अर्धा तास द्या आणि दोन मोठी माणसे ठेवा, इतर वर्गांत दहा-पंधरा मिनिटे पुरतात. प्राथमिकच्या मुलांना ‘वरच्या वर्गातला एक दादा वारला, मोठ्या माणसांना वाईट वाटत आहे’ एवढे सांगा आणि मग ती विचारतील तेवढ्याचेच उत्तर द्या.

कारण कळलेले असेल आणि ते सांगायला घरच्यांची हरकत नसेल, तर मजकूर साधारण असा असावा:

‘नववीतला आपला मित्र काल गेला. त्याचा मृत्यू आत्महत्येने झाला असे त्याच्या घरच्यांनी कळवले आहे. असे का झाले याचे पूर्ण उत्तर कोणाकडेच नाही. आत्महत्येमागे एकच एक कारण नसते. ते कसे झाले यावर आपण बोलणार नाही. कोणाला रडू येईल, कोणाला राग येईल, कोणाला काहीच वाटणार नाही. यातले काहीही चूक नाही. बोलावेसे वाटले तर लायब्ररीत या, तिथे दिवसभर बाई आहेत. एखाद्या मित्राची काळजी वाटत असेल तर ती मनात ठेवू नका, आम्हाला सांगा.’

वाचायचे मराठीत किंवा इंग्रजीत, पण मुलाने कोंकणीत विचारले तर उत्तर कोंकणीतच द्या. घाबरलेले मूल घरच्या भाषेत बोलते.

शब्दांबद्दल एक सांगायला हवे. ‘आत्महत्या केली’ यातले ‘केली’ हे गुन्ह्याला लागणारे क्रियापद आहे. ‘आत्महत्येने गेला’ म्हणा, कानाला सुरुवातीला खटकेल, पण सवय होते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चे कलम ११५ प्रयत्न करणाऱ्याला तीव्र ताणाखाली असलेली व्यक्ती मानते, शिक्षेला पात्र गुन्हेगार नव्हे. मग आपल्या बोलण्यात तरी गुन्हा का उरावा? ‘पळपुटा’ नको, तसेच ‘आता त्याला शांती मिळाली’ हेही नको. हे दुसरे वाक्य प्रेमाने म्हटले जाते, पण दुःखात असलेल्या मुलाला ते वाट दाखवल्यासारखे ऐकू येते.

‘कसे?’ या प्रश्नाला एकच उत्तर: ‘ते आपण बोलणार नाही, कारण त्याने कोणाला मदत होत नाही.’ ‘माझ्यामुळे झाले का? मी त्याच्याशी बोलत नव्हतो,’ असे मूल विचारते तेव्हा ‘वेडा आहेस का’ म्हणून उडवू नका. त्याला बाजूला घेऊन पूर्ण ऐकून घ्या, मग सांगा की एका भांडणाने एवढे होत नाही. त्या मुलाचे नाव यादीत लिहा.

यादी

यादी म्हणजे दुपारपर्यंत तयार व्हायचा एक कागद. जवळचे मित्र त्यात असतातच. ज्यांच्याकडे लक्ष जात नाही ते असे: भावंडे आणि त्यांचे वर्ग, एकाच बालरथातून येणारे, फुटबॉलच्या संघातले, ट्यूशनला बरोबर असणारे, ज्याला शेवटचा मेसेज आला तो, ज्याचे नुकतेच भांडण झाले होते तो, गेल्या वर्षभरात घरी मृत्यू पाहिलेला, पूर्वी स्वतःला इजा केलेला. आणि एक असा की ज्याची गेलेल्याशी ओळखही नव्हती, पण ‘मी त्याच्यासारखाच आहे’ असे त्याला वाटते. प्रत्येक नावापुढे एका मोठ्या माणसाचे नाव लिहा. त्याने तीन दिवसांत त्या मुलाशी एकट्याने बोलायचे.

बोलताना सरळ विचारा: ‘जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ विचारल्याने विचार पेरला जातो ही समजूत चुकीची आहे. उलट कोणीतरी विचारले म्हणून बरेचदा मूल मोकळे होते. उत्तर ‘हो’ आले तर गुप्ततेचे वचन देऊ नका. मुलाला एक मिनिटही एकटे सोडू नका. पालकांना शाळेत बोलावून त्यांच्या हाती द्या, आणि घरातली औषधे व कीटकनाशके कुलपात ठेवायला स्पष्ट शब्दांत सांगा. त्याच दिवशी बांबोळीच्या मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्थेत किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. १४४१६ ही टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, १०९८ मुलांसाठी आहे आणि तातडीला ११२. हे नंबर वर्गात फळ्यावर लिहून तसेच राहू द्या. शिक्षकांनाही ते लागतात.

लायब्ररीत दोन मोठी माणसे, पाणी, कोरे कागद आणि आलेल्यांची नोंद एवढे असले की झाले. कोणालाही बळे पाठवू नका, आणि सगळ्या वर्गाला गोल बसवून ‘काय वाटले ते सांगा’ असेही करू नका. सक्तीच्या एकदाच केलेल्या अशा सत्राचा फायदा दिसत नाही, काहींचा त्रास त्याने वाढूही शकतो.

सुट्टी द्यावी का? नाही. शोकसभा घेऊन लवकर सोडण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण मुले मग आईवडील कामावर गेलेल्या रिकाम्या घरी जातात, किंवा जिथे घडले तिथे जमतात. चाचणी पुढे ढकला, गृहपाठ सोडा, पण वेळापत्रक चालू ठेवा.

हार, बॅनर, बाक

नियम एकच: आजाराने गेलेल्या विद्यार्थ्यासाठी शाळा जे करते तेच करा, जास्त नको आणि कमीही नको. प्रार्थनेच्या वेळी दोन मिनिटे स्तब्धता पाळायची प्रथा असेल तर पाळा, भाषणे नकोत. गेटवर फोटोसह ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फ्लेक्स लावू नका. मित्रांना टी-शर्ट छापायचे असतात, स्पर्धेला नाव द्यायचे असते. त्यांना नुसते ‘नाही’ म्हणून चालत नाही, घरच्यांना पत्रे लिहायला सांगा. ती शिक्षकांनी वाचून मगच पोचवावीत.

बाकावर फुले आणि मेणबत्त्या येतातच. ओरडून काढू नका. अंत्यविधीनंतर अमुक दिवशी हे सगळे घरी नेऊन देऊ, असे वर्गाला आधी सांगा आणि त्या दिवशी न्या. तेवढा एकच बाक हलवला तर सगळ्यांचे डोळे त्या मोकळ्या जागेवर खिळतात. सगळ्या वर्गाची बसण्याची रचना बदला.

अंत्यविधीला मुलांनी पालकांबरोबर जावे, शाळेची बस भरून नेऊ नये. ख्रिस्ती कुटुंबात ‘चर्चमध्ये दफन होईल का’ अशी कुजबुज अजून होते. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या कायद्यात तशी बंदी होती, १९८३ च्या कायद्यात ती उरलेली नाही. शंका असेल तर मुलांना पाद्रींकडूनच ऐकू द्या.

पोलीस, पत्रकार, फोन

दप्तर, वह्या, लॉकर, सीसीटीव्हीचे चित्रण याला हात लावू नका. ‘घरच्यांना वाईट वाटेल’ म्हणून पाने फाडणेही नको. रॅगिंग किंवा छळाचा आरोप असेल तर चौकशी होईलच, पण चौकशी करणारा आणि मुलांना आधार देणारा माणूस एकच नसावा. समुपदेशकाला जबाब गोळा करायला बसवले की दुसऱ्या दिवसापासून त्याच्याकडे एकही मूल येत नाही. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. व्यवस्थापनाच्या बैठकीची वाट पाहू नका.

पत्रकारांशी एकानेच बोलावे, तेही लिहून आणलेल्या तीन वाक्यांत. वर्गफोटो देऊ नका. प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या सूचनांत पद्धतीचे वर्णन आणि सनसनाटी मथळे टाळायला सांगितले आहे. बातमीदाराला याची शांतपणे आठवण करून देता येते. पालकांचा ग्रुप आठवडाभर ‘फक्त अ‍ॅडमिन’वर ठेवा.

पुढचे महिने

भावंड शाळेत परत येईल त्याच्या आदल्या दिवशी त्यालाच विचारा: वर्गाला काय सांगू, कोणाशेजारी बसायचे आहे, मध्येच उठून जावेसे वाटले तर कोणाकडे जाशील? ‘आता आईबाबांना तूच सांभाळ’ हे वाक्य शाळेत कोणीही त्याला म्हणणार नाही, याची जबाबदारी एकाने घ्यावी.

आत्महत्या प्रतिबंधावर व्याख्यान लगेच ठेवू नका, सहा-आठ आठवडे जाऊ द्या. तोवर कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण उरका. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक पात्र समुपदेशक आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण हवे. त्यासाठी गोव्यात मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या ‘संगात’ आणि ‘कूज’ यांसारख्या संस्थांकडे विचारणा करता येते.

कॅलेंडरवर काही तारखा आताच लिहून ठेवा: महिन्याचे मीस (चर्चमधली प्रार्थना) किंवा तेरावा, त्याचा वाढदिवस, चतुर्थीच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस, निकालाचा दिवस, दहावीचा निरोप समारंभ, वर्षश्राद्ध. त्या आठवड्यात यादी पुन्हा काढायची आणि प्रत्येक नावाशी पुन्हा एकदा बोलायचे. निरोपाच्या वेळी वर्ग त्याचे नाव घ्यायचे म्हणेल. घेऊ द्या, बाकीच्या नावांबरोबर, हजेरीच्या क्रमाने.