ओव्हरराइड लूपमध्ये थांबलेला कंट्रोलर वाइंड-अप होऊ देऊ नका

पंपाच्या डिस्चार्ज व्हॉल्व्हवर फ्लो कंट्रोलर आणि सक्शन प्रेशर कंट्रोलर लो सिलेक्टरमधून (दोन्हींपैकी लहान सिग्नल व्हॉल्व्हला देणारा) जोडले, म्हणजे ओव्हरराइड लूप केला, की ज्याची निवड झालेली नाही त्याचा इंटिग्रल (एरर साठवत जाणारा भाग) चढत जाऊन १०० टक्क्यांवर अडकतो, म्हणजेच वाइंड-अप होतो. मग सक्शन प्रेशर खरोखर घसरले तरी प्रेशर कंट्रोलर वेळेवर ताबा घेत नाही आणि पंपात कॅव्हिटेशन (द्रवात वाफेचे बुडबुडे होऊन फुटणे) सुरू होते.

उपाय:

१. सिलेक्टरचे आउटपुट दोन्ही कंट्रोलरना एक्स्टर्नल रीसेट (इंटिग्रलला बाहेरून मिळणारा सिग्नल) म्हणून परत द्या. स्वतःचे आउटपुट देऊ नका; नेमकी इथेच चूक होते.

२. प्रेशर सेटपॉइंटच्या वर असताना प्रेशर कंट्रोलरचे आउटपुट पाहा. ते सिलेक्टरच्या आउटपुटपेक्षा साधारण गेन गुणिले एरर (प्रेशर आणि सेटपॉइंटमधला फरक) इतकेच वर दिसले पाहिजे. १०० वर चिकटले असेल तर जोडणी तपासा.

३. प्रेशरचा सेटपॉइंट हळूहळू वर नेऊन अदलाबदल करून बघा. व्हॉल्व्हला झटका बसता कामा नये.

लो सिलेक्टर एअर-टु-ओपन (हवेच्या दाबाने उघडणाऱ्या) व्हॉल्व्हसाठी आहे. व्हॉल्व्ह एअर-टु-क्लोज असेल आणि सिग्नल कुठे उलटवलेला नसेल, तर हाय सिलेक्टर लागतो. आणि ओव्हरराइड आहे म्हणून लो-प्रेशर ट्रिप (प्रेशर फार घसरल्यास पंप आपोआप बंद करणारी व्यवस्था) कधीही काढू नका.