जुनी गाडी घेताना भाव कसा करायचा

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासूबाईंना रिक्षात चढणं जमेना, म्हणून गेल्या दिवाळीनंतर आम्ही नाशिकमध्ये २०१८ ची वॅगनआर घेतली. मालकानं ३ लाख ९५ हजार सांगितले होते. सौदा ३ लाख ६० ला झाला.

त्याआधी दुसऱ्या एका गाडीसाठी मी फोनवरच "आमची चार लाखांपर्यंत तयारी आहे" असं सांगून बसले होते. समोरच्यानं मग एक रुपया सोडला नाही. आपला आकडा पोटातच ठेवा.

आधी आपल्याच शहरात त्याच वर्षाच्या, साधारण तेवढंच रनिंग झालेल्या पाच-सहा गाड्यांचे भाव विचारून वहीत लिहा. शेजारी नव्या गाडीचा आजचा भावही लिहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी स्वस्त झाली की जुनीही उतरायला हवी, हे मालकाला स्पष्ट सांगा.

गाडी सकाळी बघा, आणि आदल्या दिवशीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर आधी चालू करून ठेवलीय, म्हणजे थंड इंजिनचा आवाज तुम्हाला ऐकू द्यायचा नव्हता. ओळखीचा मेकॅनिक सोबत न्याच. आमच्यानं ५०० रुपये घेतले आणि क्लच संपत आल्याचं दोन मिनिटांत ओळखलं. फेंडरच्या, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या, बोल्टवरचा रंग उडालेला दिसला, तर पत्रा कधीतरी खोललाय. टायरच्या कडेला छापलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, त्यातून टायर कधी बनला ते कळतं. आमच्या गाडीवर १२१८ होतं, म्हणजे २०१८ चा बारावा आठवडा. चारही टायर मूळचेच, म्हणजे बदलायला आलेले!

कितवा मालक, विमा कधीपर्यंत, कर्जाचा बोजा आहे का, हे सरकारच्या एमपरिवहन ॲपवर दिसतं. थकलेली चलनंही तपासा.

मग घासाघीस. "थोडं कमी करा ना दादा" म्हटलं की हजार-दोन हजार सुटतात, तेवढंच. मी वही उघडून वाचलं: टायर १६ हजार, क्लच ९ हजार, संपलेला विमा ८ हजार, चलनं दीड हजार. एकूण साडेचौतीस. "म्हणून साडेतीन लाख देते," म्हटलं आणि गप्प बसले. ही शांतता फार जड जाते, पण तिथे आपण तोंड उघडायचं नाही. ते ३ लाख ७० वर आले, मग ३ लाख ६० वर.

इसार थोडाच द्या, आम्ही ५ हजार दिले, आणि पावतीवर ठरलेली किंमत लिहून घ्या. गाडी नावावर करायच्या आरटीओच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय बाकीचे पैसे सोडू नका. बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ सुद्धा हवा. विमा चालू असेल तर १४ दिवसांत नावावर करायला अर्ज द्या. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, मात्र जुन्या मालकाकडेच राहतो, त्यामुळे त्याची किंमत गाडीत धरू देऊ नका.