बावीस घरांची एक गोधडी कशी शिवावी

नाशिकच्या थंडीत गोधडी लागतेच. पण एका सोसायटीतल्या किंवा वाड्यातल्या बावीस घरांनी मिळून शिवलेली गोधडी भिंतीवर लावण्याच्या तोलाची होते. सगळ्यांचा हात सारखा नसला तरी चालतं, माप मात्र सगळ्यांचं एकच हवं. अमेरिकेत एड्सने गेलेल्यांच्या आठवणीतली प्रचंड गोधडी ऑक्टोबर १९८७ मध्ये वॉशिंग्टनला मांडली गेली. एकमेकांना कधी न भेटलेल्या लोकांचे तुकडे तिच्यात जुळले, कारण प्रत्येक तुकडा ३ फूट बाय ६ फूट, हे आधीच ठरलेलं होतं.

आपली गोधडी ५ बाय ६ फुटांची धरू. १२ इंची तीस चौकोन, आडवे पाच आणि उभे सहा. पायाचं कापड घरोघरून मागवू नका, एकाच ठाणातून द्या. ४८ इंच पन्ह्याचं सव्वाचार मीटर मांजरपाट रात्रभर भिजवा, वाळवा, इस्त्री करा. कोरं मांजरपाट पहिल्या धुण्यात आटतं, आणि शिवून झाल्यावर आटलं तर सगळी गोधडी गोळा होते. मग १४ इंची तीस चौकोन कापून प्रत्येकावर मधोमध १२ इंचांची चौकट पेन्सिलीने आखा.

बावीस चौकोन घरोघर द्या. चौकटीच्या आत, घरातल्या जुन्या सुती कपड्याची ठिगळं लावून काहीही रचावं. विषय हवाच असेल तर गोदाघाटाच्या पायऱ्या द्या, नुसत्या पट्ट्यांनी जमतात आणि नवख्या हातालाही साधतात. गणवेशाचं टेरिकॉट नको, ते सुईखाली सरकतं. येवल्याची पैठणी कितीही जीर्ण असली तरी नको. रेशीम आणि सुती एका धुण्यात टिकत नाहीत. लाल, निळं कापड आधी ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून बघा. रुमाल रंगला तर ते बाद.

चौकोन परत येतील तेव्हा एकही सरळ नसेल. धावदोऱ्याने कापड आक्रसतं, म्हणून तर १४ इंच दिले होते. इस्त्री करून १३ इंची पुठ्ठा मधोमध ठेवा आणि कापा.

उरलेले आठ कोरे चौकोन सगळीकडे सारखे वाटू नका. एका बाजूला एकत्र ठेवा. आजच्या गोधडीकलेत मोकळी जागा फार मोलाची असते. तिथे नुसता टाका दिसतो, आणि तो बघण्यासारखा असतो.

चौकोन जोडताना चारी बाजूंनी अर्धा इंच शिवणीत जाऊ द्या, मशीनवर चालेल. आधी पाच-पाचच्या सहा ओळी करा. एका ओळीच्या शिवणी डावीकडे, पुढच्या ओळीच्या उजवीकडे दाबा, नाहीतर चार कोपरे भेटतात तिथे गाठ येते आणि सुई मोडते.

आता सभामंडपात किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये स्वच्छ फरशीवर अस्तर पसरा. एका जुन्या सुती साडीचे पुरते दोन मीटरचे दोन तुकडे जोडले की अस्तर होतं. त्यावर तशाच दोन साड्यांचे दोन थर, वर आपले चौकोन. मधून कडेकडे, सहा-सहा इंचांवर कच्चा टाका घाला. कडेने सुरुवात केलीत तर मधे फुगा राहतो, आणि तो उसवल्याशिवाय जात नाही.

पक्क्या टाक्याला चारी बाजूंनी बसा. दोरा हातभरच घ्या, लांब दोरा पिळतो आणि झिजतो. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, ओळी दीड इंचावर. कुणाचे टाके मोठे आले तर उसवायला लावू नका. त्या बाई पुढच्या वेळी येणार नाहीत. शेवटी कडेला गोट लावा आणि मागच्या बाजूला बावीस नावं दोऱ्यानेच भरा, शाई धुण्यात जाते.

गोधडी कुणाकडे राहणार, हे पहिल्याच बैठकीत ठरवा. हॉलमध्ये टांगायची असेल तर मागे वरच्या कडेला चार इंच रुंद नेफा शिवून त्यात काठी घाला. खिळ्यांवर टांगल्यास सगळं वजन दोन टोकांवर येऊन कापड फाटतं.