घरातले छोटे बदल करताना या चुका टाळा: सामान नंतर, आधी भिंत बघा

नवीन घर लावायला घेतलं की सुरुवातीला घरात जे काय येतं ना, त्यातलं बरंचसं फोन स्क्रोल करता करता आलेलं असतं. एकाने शेल्फचा फोटो पाठवला, दुसऱ्याने लगेच हार्ट टाकलं, झालं, ऑर्डर. मोजपट्टी मात्र कोणी काढत नाही. मग शेल्फ येतं आणि दार उघडलं की त्यावर आपटतं, किंवा भिंतीत स्क्रूच टिकत नाही आणि शिव्या बसतात शेल्फला. बिचारं शेल्फ चांगलं असतं हो. अशा छोट्या कामांत जे बिघडतं ते बहुतेक वेळा आणलेल्या वस्तूमुळे बिघडत नाही, ती वस्तू ज्याच्यावर बसते त्याच्यामुळे बिघडतं, म्हणजे भिंत, वायरिंग, फरशी, पाईप. म्हणून खाली ज्या चुका लिहिल्यात त्यात खरेदीचं फार कमी आहे आणि भिंतीचं जास्त आहे.

ड्रिल मारायच्या आधी

पहिली गोष्ट, भाड्याचं घर असेल तर मालकाला विचारा, मेसेजवर विचारा म्हणजे उत्तर लेखी राहतं. दुसरी गोष्ट, भिंत कसली आहे ते बघा. बोटाने ठोकून बघितलं तर भरीव भिंतीचा आवाज वेगळा येतो आणि पार्टिशनचा पोकळ येतो, आणि ड्रिल सुरू केल्यावर भुकटीचा रंगच सगळं सांगतो. लाल आली तर वीट, करडी आणि बिट पुढे सरकायलाच तयार नाही तर काँक्रीट, आणि पांढरट भुकटी येतेय आणि बिट जोर न लावताच आत जातंय तर एकतर तुम्ही अजून प्लास्टरमध्येच आहात किंवा भिंत हलक्या ब्लॉकची आहे. हलक्या ब्लॉकला आणि पोकळ पार्टिशनला साधी प्लॅस्टिकची गिट्टी (स्क्रू पकडून ठेवायला भोकात बसवतात ती) चालत नाही, त्यांच्यासाठी वेगळे अँकर मिळतात. दुकानात नुसतं 'स्क्रू द्या' म्हणू नका, भिंत कसली आहे ते सांगा.

शेल्फ थोड्या दिवसांनी पुढे झुकायला लागतं त्याचं नेहमीचं कारण म्हणजे गिट्टी नुसत्या प्लास्टरमध्ये बसलेली असते. प्लास्टर साधारण 10 ते 20 मिलिमीटर जाड असतं आणि त्याला वजन पेलवत नाही, गिट्टी त्याच्या मागच्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये जायला पाहिजे. म्हणजे स्क्रू लांब घ्या, भोक गिट्टीपेक्षा थोडं खोल करा आणि आतली भुकटी फुंकून किंवा व्हॅक्यूमने काढा (फुंकताना डोळे मिटा, हे सांगावं लागतं). 6 मिलिमीटरच्या गिट्टीला 6 मिलिमीटरचंच बिट. स्क्रू पिळताना गिट्टी सोबतच फिरायला लागली तर भोक मोठं झालंय, मग पुढचा साईझ म्हणजे 8 ची गिट्टी टाका. काडेपेटीच्या काड्या कोंबायचा जुगाड हलक्या फोटोफ्रेमपुरता ठीक आहे, पण पुस्तकांच्या शेल्फला अजिबात नको.

आणि हे नक्की लक्षात ठेवा, स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली आणि सरळ आडव्या रेषेत ड्रिल मारायचं नाही, कारण वायर साधारण त्याच रेषांत भिंतीतून गेलेली असते. नळाच्या आजूबाजूलाही तोच नियम. टाईलवर मारायचं असेल तर आधी चिकटपट्टी लावून खूण करा म्हणजे बिट घसरत नाही, टाईलचं बिट वापरा आणि टाईल पार होईपर्यंत हॅमर मोड (ड्रिल ठोके देत फिरतं ती सेटिंग) बंद ठेवा. हॅमर सुरू ठेवलात तर टाईलला तडा जातो, आणि तसल्याच डिझाईनची टाईल नंतर शोधत बसणं हा वेगळाच छळ आहे.

चिकटवायचे हुक रात्री धपकन का पडतात

हुक वाईट होता म्हणून नाही, भिंत पुसली नव्हती म्हणून. कोरड्या फडक्याने पुसून भागत नाही, भिंतीवर तेलकट थर असतो त्यामुळे रबिंग अल्कोहोलने पुसायचं, सुकू द्यायचं, मग हुक चांगला अर्धा मिनिट दाबून धरायचा आणि लगेच काही अडकवायचं नाही. काही हुकांना तासभर थांबावं लागतं, काहींना पूर्ण दिवस, ते पाकिटावर लिहिलेलं असतं पण पाकीट आपण सगळ्यात आधी फेकतो. नवीन रंग दिलेल्या भिंतीवर किमान आठवडाभर लावू नका. आणि हात फिरवल्यावर पांढरं लागतंय असा रंग असेल किंवा भिंत खडबडीत असेल तर हा नादच सोडा, कितीही महाग हुक आणला तरी तो रंगाचा पोपडा घेऊन खाली येणार. काढताना ओढून काढायची पट्टी असेल तर ती भिंतीला लागून सरळ खाली हळूहळू ताणायची, आपल्याकडे खेचायची नाही.

ओल आलेल्या भिंतीवर नवा रंग

ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि मला सगळ्यात जास्त राग हिचाच येतो. भिंतीला पोपडे आले, डाग पडले, की सुट्टीच्या दिवशी दोघं मिळून घासतात, पुट्टी मारतात, मस्त रंग देतात, फोटो टाकतात आणि काही महिन्यांत परत तिथेच फुगा. रोग म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. रंगाचा काही दोष नाहीये, पाणी अजून येतंय. वॉटरप्रूफ रंग दिला तरी तेच, उलट पाणी मागे अडकून शेजारच्या जागेतून बाहेर येतं.

तर आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. एक सोपी टेस्ट आहे, फूटभर लांबरुंद प्लॅस्टिकचा किंवा ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा डागाच्या जागी भिंतीला लावा, चारही बाजू टेपने पूर्ण बंद करा आणि एक-दोन दिवस राहू द्या. मग काढून बघा. भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर ओल भिंतीच्या आतून येतेय, म्हणजे पाईप गळतोय, बाहेरच्या भिंतीला चीर आहे, मागे बाथरूम आहे किंवा जमिनीतून ओल वर चढतेय. खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर ती हवेतली वाफ आहे, थंड भिंतीवर बसतेय, आणि तिथे प्लंबर बोलावून काही होणार नाही, खिडकी उघडा, ओले कपडे त्या खोलीत वाळत घालणं बंद करा, कपाट भिंतीपासून थोडं पुढे ओढा म्हणजे मागे हवा फिरेल. भिंतीवर पांढरी पावडर दिसत असेल तर ते क्षार आहेत, पाण्यासोबत आतून बाहेर आलेले, म्हणजे ओल आतलीच. ते कोरड्या ब्रशने काढायचे, पाण्याने धुवायचे नाहीत, नाहीतर विरघळून परत आत जातात. कारण बंद केल्यावरही भिंत सुकायला वेळ लागतो, आठवडेच्या आठवडे लागतात, तोवर ती कुरूप दिसणार, दिसू दे.

बाथरूममधली काळी रेघ

बेसिनच्या किंवा शॉवरच्या कडेला सिलिकॉन काळं पडलं की लोक त्याच्यावरच नवीन सिलिकॉनचा थर मारतात. जुन्या सिलिकॉनला नवीन सिलिकॉन धड चिकटत नाही, आणि खालची बुरशी तर जिवंतच राहते. जुनं पूर्ण खरवडून काढा, जागा साफ करून पूर्ण सुकवा, दोन्ही कडांना मास्किंग टेप लावा, सलग एक रेघ मारा, बोट ओलं करून एकदाच फिरवा आणि वरचा थर धरायच्या आत टेप काढून टाका. मग 24 तास पाणी नाही. एकच बाथरूम असेल तर हे काम कधी करायचं ते आधी ठरवा, हे वाक्य जोडप्यांसाठी आहे.

एक्झॉस्ट फॅन लावूनही वाफ जात नाही अशी तक्रार असेल तर दाराखालची फट बघा. बाहेरून हवा आत यायला जागाच नसेल तर फॅन ओढणार काय? आणि अंघोळ झाल्यावर तो पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा.

नळाची धार बारीक झाली तर आधी नळाच्या तोंडाची जाळी काढून व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, नवीन नळ नंतर. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनेच गुंडाळायची, म्हणजे आट्यांचं तोंड आपल्याकडे धरलं तर घड्याळाच्या काट्यासारखी, उलटी गुंडाळली की पिळताना सुटून येते आणि गळती तशीच. जिथे आत रबरी वॉशर आहे तिथे टेपची गरजच नसते.

नवीन वॉशिंग मशीन खोलीभर चालायला लागली

फ्रंट लोड मशीनच्या मागे तीन-चार लांब बोल्ट असतात, ड्रम प्रवासात हलू नये म्हणून लावलेले. ते काढले नाहीत आणि मशीन सुरू केली तर स्पिनला ती अक्षरशः नाचते आणि आतून खराब होऊ शकते. काढा, आणि फेकू नका, घर बदलताना परत लागतात. बोल्ट काढूनही हलत असेल तर समोरासमोरचे कोपरे, म्हणजे तिरके, हाताने दाबून बघा, डुगडुगली तर पाय फिरवून लेव्हल करा आणि पायावरचा नट घट्ट करा, कारण तो सैल राहिला तर पाय परत फिरतो. सगळं ठीक आहे तरी एखाद्याच वेळी आपटते? मग आत एकटी चादर गोळा होऊन बसलेली असेल.

पाणी भरतच राहतंय आणि मशीन पुढे जातच नाहीये, असं झालं तर ड्रेनचा पाईप बघा, तो फार खाली ठेवला असेल तर भरलेलं पाणी आपोआप ओढलं जाऊन बाहेर पडत राहतं. मॅन्युअलमध्ये दिलेल्या उंचीवर अडकवा.

लाईट आणि प्लग

बल्ब वॅट बघून घेऊ नका, वॅट म्हणजे वीज किती खाणार ते, उजेड लुमेनमध्ये असतो. जुन्या 60 वॅटच्या बल्बइतका उजेड साधारण 800 लुमेनचा. रंग केल्विनमध्ये, 2700 ते 3000 पिवळसर, 4000 मधला, 6500 निळसर पांढरा. बेडरूममध्ये 6500 लावला की खोली क्लिनिकसारखी दिसते आणि मग लोक पडदे बदलतात, भिंतीचा रंग बदलतात, बल्ब सोडून सगळं बदलतात.

एलईडी बंद केल्यावरही मंद पेटत राहतो? कधी कारण साधं असतं, स्विचमधल्या छोट्या इंडिकेटरमधून थोडा करंट जातो. पण कधी स्विच फेजऐवजी (करंट घेऊन येणारी वायर) न्यूट्रलवर (परत जाणारी वायर) जोडलेला असतो, म्हणजे स्विच बंद असूनही होल्डरमध्ये करंट आहे, आणि हे इलेक्ट्रिशियनकडून तपासूनच घ्यायचं. डिमरवर (उजेड कमी-जास्त करायचा स्विच) बल्ब लपलपत असेल तर तो डिमरवर चालणारा नाहीये, पाकीट बघा.

एक्स्टेंशन बोर्डवर हीटर, इस्त्री, किटली असं काही लावू नका, बोर्डाला बोर्ड जोडू नका, आणि वायर गुंडाळलेली ठेवून जास्त लोड चालवू नका, गुंडाळीत उष्णता अडकते. प्लग हाताला गरम लागला तर आत कॉन्टॅक्ट सैल आहे किंवा लोड जास्त आहे, दोन्ही वाईट. एमसीबी (मेन बोर्डातला आपोआप बंद होणारा स्विच) पडत असेल तर सगळं बंद करून एकेक चालू करा. एक ठराविक वस्तू लावताच पडली तर दोष त्या वस्तूत, आणि चार गोष्टी एकत्र चालताना थोड्या वेळाने पडली तर लोड जास्त झालाय. काहीजण मोठी एमसीबी बसवून घेतात. कृपा करून नको, एमसीबी भिंतीतल्या वायरला वाचवायला असते, वायर तर तीच आहे ना.

स्मार्ट बल्ब वायफायला जोडला जात नसेल तर बहुतेक असे बल्ब 2.4 गिगाहर्ट्झवरच चालतात, फोन 5 वर असेल, तो बदलून बघा. आणि दोघांपैकी एकाला भिंतीवरचा स्विच बंद करायची सवय असतेच, मग बल्ब ऑफलाईन, ॲप रागावलेलं आणि दुसरा माणूस पण. अशा ठिकाणी स्मार्ट बल्बपेक्षा स्मार्ट स्विच बरा.

उंची दोघांची मोजा

हुक, शेल्फ, शॉवर, आरसा, सगळं ज्याच्या हातात ड्रिल त्याच्या उंचीला लागतं. खूण करताना दोघं उभे राहा, कागदी टेप लावून एक-दोन दिवस राहू द्या, मग भोक. पूर्ण आरशाचं तर गणितच आहे. पूर्ण दिसायला आरसा आपल्या उंचीच्या निम्मा पुरतो, आणि मागे सरकून जास्त दिसत नाही. दोघांसाठी वरची कड उंच माणसाचे डोळे आणि डोक्याचं टोक यांच्या मधोमध, आणि खालची कड बुटक्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीच्या निम्म्यावर. समजा एकाची उंची 178 सेंटिमीटर आणि डोळे 166 वर, तर वरची कड 172. दुसऱ्याचे डोळे 144 वर, तर खालची कड 72. म्हणजे मीटरभराचा आरसा बास. हे सरळ लावलेल्या आरशासाठी, भिंतीला तिरका टेकवलेला आरसा छत जास्त दाखवतो आणि पाय कमी, शिवाय घसरतो, त्यामुळे टेकवूनच ठेवायचा असेल तर वरून भिंतीला बांधा, आणि त्या स्क्रूसाठी परत आधी भिंत ठोकून बघा.