गच्चीवरची भाजी, बरणीतलं लोणचं: नागपूरकरांनो, या चुका टाळा

जानेवारीत गाजर-फुलकोबी-मटाराचं लोणचं घालून आठ-दहा दिवस झाले की ओळखीच्या घरांतून एकच प्रश्न येतो, "वर पांढरं आलंय, काय करू?" मी उलट दोन गोष्टी विचारते: भाजी केव्हा तोडली आणि कशी वाळवली? माझीही पहिली बरणी अशीच गेली होती. स्वतः लावलेली फुलकोबी, तीन महिने जपलेली गाजरं, आणि नवव्या दिवशी वर हिरवट बुरा. सासूबाईंनी एक तुरा बोटांनी दाबून दाखवला, आतून पाणी निघालं. त्यानंतर लोणचं कुठंही बिघडलं की मी आधी पाण्याचा माग काढते, आणि तो बहुतेक वेळा कुंडीपासूनच सुरू होतो.

कुंडीत नुसती काळी माती भरणं

आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की भेगाळते. शेतात ती खोलवर ओल धरते, पण बारा इंची कुंडीत तिचा गोळा होतो आणि मुळं गुदमरतात. पानं पिवळी पडली की आपल्याला वाटतं पाणी कमी झालं, म्हणून आणखी पाणी देतो आणि मुळं कुजतात. एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग रेती आणि कोकोपीट असं मिश्रण करा. पाणी घड्याळ बघून देऊ नका. बोटाची दोन पेरं मातीत घाला, आत ओल लागली तर त्या दिवशी राहू द्या.

ऋतू चुकवणं

फेब्रुवारीत नर्सरीतली टवटवीत रोपं पाहून मोह होतो. पण भेद्र्याची (टोमॅटोची) आणि मिरचीची फुलं 35 अंशांच्या पुढे गळू लागतात आणि नागपुरात तो पारा मार्चमध्येच येतो. मे महिन्यात 44-45 अंशांत झाड जगलं तरी फळ धरत नाही. भेद्रे आणि फुलकोबीची रोपं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावा. गाजराचं बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये थेट जागेवरच पेरा, कारण रोप उपटून लावलं की मुळाला फाटे फुटतात. गाजराची कुंडी किंवा पिशवी निदान फूटभर खोल हवी.

उन्हाळ्यात मिरची टिकवायची असेल तर कुंड्या तापलेल्या स्लॅबवर थेट ठेवू नका. खाली विटा द्या, वर 50 टक्क्यांची हिरवी जाळी बांधा. दुपारी पाइपातून आधी उकळल्यासारखं पाणी येतं, ते वाहून जाऊ द्या. खरं तर पाणी सकाळीच घालावं. पानं वर किंवा खाली मुडपली की बोकड्या समजा. पानाची खालची बाजू बघा, फुलकिडे किंवा कोळी सापडतील. निंबोळी तेल फवारता येतं, पण तोडणीच्या आधीचे काही दिवस थांबा, नाहीतर तो कडवट वास लोणच्यातही येतो.

तोडणीच्या आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी

ही माझी चूक होती. भाजी ताजी दिसावी म्हणून मी कुंड्या भरभरून भिजवल्या. अशी भाजी मिठात पडली की फार पाणी सोडते, खार पातळ होतो आणि मिठाचं प्रमाण आपण मोजलं त्यापेक्षा खाली जातं. हिवाळ्यात एक दिवस पाणी चुकलं तर झाड मरत नाही. सकाळी दव वाळल्यावर तोडा आणि त्याच दिवशी लोणचं घाला.

वाळवण्यात घाई, आणि कूलर

फुलकोबीचे लहान तुरे करून पंधरा मिनिटं मिठाच्या पाण्यात ठेवा, अळ्या निघतात. मग सुती कापडावर देठ वर आणि तुरा खाली असे मांडा. तुरा वर ठेवला की पाणी आतच बसतं. जानेवारीच्या कोवळ्या उन्हात दोन-तीन तास पुरतात. गाजराच्या फोडी हाताला कोरड्या लागल्या पाहिजेत, पण मुरडायला नकोत.

कैरीच्या दिवसांत चूक वेगळीच होते. बाहेर ऊन भाजत असतं म्हणून फोडी घरात, कूलरच्या झोतात पसरतात. आपला कूलर हवा गार करतो ती पाणी मिसळूनच. त्या झोतात फोड कधी कोरडी होत नाही, आणि त्याच खोलीत ठेवलेल्या बरणीच्या तोंडाशीही ओल धरते. फोडी कूलर नसलेल्या खोलीत पंख्याखाली वाळवा आणि बरणीही तिथंच ठेवा.

मीठ अंदाजे, तेलावर भरवसा

तेल लोणचं टिकवतं असा समज घट्ट बसलाय. तेल फक्त हवा अडवतं. टिकवण्याचं काम मीठ आणि आंबटपणा करतात. कैरीला आणि लिंबाला स्वतःचं आम्ल असतं, पण गाजर, मटार, फुलकोबी, लसूण यांना ते नाही. म्हणून मी किलोभर मिश्र भाजीला 100 ग्रॅम जाडं मीठ वजन करून घेते आणि आठ-दहा रसदार लिंबांचा रस घालते. आंबटपणा मोजणारी पीएच कागदाची पट्टी मिळाली तर (आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) दोन दिवसांनी खार तपासा, आकडा 4 च्या खाली हवा. 4.6 च्या वर, आणि तेही हवाबंद तेलाखाली, बॉट्युलिझमचे (जिवावर बेतणाऱ्या अन्नविषबाधेचे) जंतू विष तयार करू शकतात, आणि ते विष डोळ्याला किंवा नाकाला कळत नाही. लसणाच्या पाकळ्या नुसत्या तेलात बुडवून ओट्यावर ठेवणं म्हणूनच अजिबात करू नका.

फल्ली (शेंगदाणा) तेल कडकडीत तापवा, पण पूर्ण थंड झाल्यावरच ओता. गरम तेलानं तिखट जळतं आणि मोहरीचा झणका जातो. मोहरी फेसतानाही उकळतं पाणी नको. तो झणका मोहरी फुटून साध्या पाण्याला लागली की तयार होतो, उष्णतेनं तो मरतो. मेथी काळपट तळली तर सगळी बरणी कडू होते आणि त्यावर उपाय नाही. मसाला सबंध आणून घरी भाजलेला बरा, मी इतवारी बाजारातून आणते.

बरणी उघडल्यावर

लसूण निळा-हिरवा झाला तर घाबरू नका, आम्लात त्याच्यातले गंधकाचे घटक रंग बदलतात, चव तीच राहते. नुसत्या मिठाच्या पाण्यात आंबवलेल्या भाजीवर सपाट, पांढरी, पातळ साय आली तर ते बहुधा यीस्ट असतं, ती काढून भाजी पाण्याखाली दाबून ठेवा. पण केसाळ, हिरवा किंवा काळा बुरा दिसला तर बरणी टाकून द्या. वरचा थर काढून खालचं खाण्याची पद्धत आपल्या बऱ्याच घरांत आहे. बुरशीचे धागे दिसतात त्याहून खोल गेलेले असतात, त्यामुळे मला ती मान्य नाही.

फोडी मऊ पडल्या तर मीठ कमी पडलं किंवा जागा उष्ण होती. मिश्र भाजीचं लोणचं वर्षभराचं नसतं. ते मुरलं की मी फ्रिजमध्ये ठेवते आणि होळीपर्यंत संपवते. रोजच्या जेवणाला लहान बाटली काढा, मोठ्या बरणीत हात आठवड्यातून एकदाच, कोरड्या चमच्यानं, आणि झाकण लावण्याआधी तिचा गळा आतून कोरड्या फडक्यानं पुसून घ्या.