क्लाउड परिषदेहून परतल्यावर या चुका टाळा

रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बेळगावहून निघून मी नुकताच बेंगळुरूला क्लाउडवरील, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या सर्व्हरविषयीच्या, एका परिषदेस जाऊन आलो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फौंड्र्यांसाठी साठा, पाळीनिहाय उत्पादन आणि डिलिव्हरी चलन यांचे सॉफ्टवेअर आमचा चार जणांचा गट तयार करतो. परिषदेत सांगितलेले उपाय चुकीचे नव्हते. परंतु ते ज्यांच्या अडचणींवर शोधले गेले, त्यांच्या अडचणी आपल्यापेक्षा वेगळ्या असतात, हे परतीच्या प्रवासात विसरले जाते.

याचे ठळक उदाहरण म्हणजे कुबरनेटीस, म्हणजे अनेक सर्व्हरवर विखुरलेली सॉफ्टवेअर एकत्र चालवणारी प्रणाली. अॅमेझॉनच्या ईकेएस या कुबरनेटीस सेवेत एका क्लस्टरच्या (सर्व्हरच्या समूहाच्या) केवळ नियंत्रणासाठी तासाला ०.१० डॉलर, म्हणजे महिन्याला सुमारे ७३ डॉलर लागतात, आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्या सर्व्हरचे भाडे त्यावर वेगळे. चाळीस माणसे वापरत असलेल्या प्रणालीला एक साधा सर्व्हर आणि सेवा म्हणून घेतलेला डेटाबेस पुरतो.

बॅकअपची गोष्ट अधिक गंभीर आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रोग्रामचा कोड साठवणाऱ्या सेवेच्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य डेटाबेसची सुमारे ३०० जीबी माहिती पुसली. त्यानंतर लक्षात आले की रोजचा बॅकअप तयारच होत नव्हता, कारण बॅकअप घेणारे साधन पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीचे आणि डेटाबेस नव्या आवृत्तीचा होता. बॅकअप फसल्याचे कळवणारे ईमेलही पोहोचत नव्हते. सुमारे सहा तासांपूर्वी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटमुळे, म्हणजे त्या क्षणीच्या प्रतीमुळे, त्याआधीची माहिती वाचली. म्हणून 'बॅकअप यशस्वी' या संदेशावर विसंबू नये. महिन्यातून एकदा तो बॅकअप वेगळ्या सर्व्हरवर उतरवून पाहावा, शेवटचे चलन त्यात आहे का ते तपासावे आणि उतरवण्यास किती वेळ लागला तेही लिहून ठेवावे, कारण ग्राहकाचा फोन आल्यावर पहिला प्रश्न वेळेचाच असतो. आम्ही हे प्रथम केले तेव्हा पासवर्ड कोणाकडे आहे, हे शोधण्यातच अर्धी दुपार गेली.

क्लाउडचे मुंबई रीजन, म्हणजे मुंबईतील सर्व्हरकेंद्र, निवडले म्हणून घड्याळ मुंबईचे होत नाही. क्लाउडवरील लिनक्स सर्व्हर सहसा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. परिणामी पहाटे दोन वाजता ओतलेल्या मालाची नोंद आदल्या दिवशीच्या तारखेखाली जाते आणि रात्रपाळीचे आकडे दोन दिवसांत विभागले जातात. पर्यवेक्षकाच्या वहीशी अहवाल जुळत नसेल, तर गणिताचे सूत्र तपासण्यापूर्वी हेच पाहावे. डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीमध्येच साठवावी. मात्र दिवसाची विभागणी करताना 'एशिया/कोलकाता' हा वेळपट्टा स्पष्टपणे द्यावा. सर्व्हरचे घड्याळच बदलण्याचा सोपा वाटणारा मार्ग आम्ही वापरून पाहिला आणि पुढे दोन सर्व्हरच्या नोंदी एकमेकींशी जुळवताना पस्तावलो.

परिषदेत कोणीही न काढलेला एक विषय आमच्या सीमाभागात मात्र रोजचा आहे. आमच्या चलनांवर मराठी आणि कन्नड दोन्ही नावे असतात. ती विकासकाच्या लॅपटॉपवर उत्तम छापली जातात आणि क्लाउडवर गेल्यावर पीडीएफमध्ये त्यांच्या जागी नुसते चौकोन येतात. कारण साधे आहे: क्लाउडवर सॉफ्टवेअर ज्या बंदिस्त डब्यात (कंटेनर) चालते, त्याच्या मूळ साच्यात (इमेज) आकार लहान राहावा म्हणून फॉन्टच ठेवलेले नसतात. देवनागरी आणि कन्नडचे नोटो फॉन्ट त्या साच्यात घालावेत. तरीही जोडाक्षरे सुटी पडत असतील, तर दोष फॉन्टचा नाही. पीडीएफ तयार करणाऱ्या लायब्ररीला (तयार कोडसंचाला) भारतीय लिप्यांची अक्षरजोडणी येत नाही, म्हणून ती बदलावी लागते. डेटाबेसमध्ये अक्षरे साठवण्याच्या पद्धतीला (एन्कोडिंगला) दोष देत आम्ही तीन दिवस घालवले होते.

बिलाविषयी थोडक्यात. खर्चमर्यादेची सूचना मिळाली म्हणून खर्च थांबत नाही. ती केवळ सूचना असते. अॅमेझॉनवर फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला (सर्व्हरच्या इंटरनेटवरील क्रमांकाला) तासाला अर्धा सेंट पडतो, मग तो वापरात असो वा नसो. सर्व्हर थांबवला तरी त्याच्या डिस्कचे भाडे चालूच राहते. परिषदेतील प्रात्यक्षिकात सुरू केलेला सर्व्हर मी बेळगावला आल्यावर नवव्या दिवशी थांबवला; त्याची डिस्क मात्र पुढच्या बिलात सापडली.